बाराच्या आत वाईट बातमी नको

मंगळवार, ता. ५

डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला आणि मग माझ्याकडे न बघता यांच्याकडे बघितलं. दंड माझा, प्रेशर माझं आणि बघायचं नवऱ्याकडे. तेवढ्यानेच ते आणखी थोडं चढलं असणार.

निकाल असा की प्रेशर बेसुमार वाढलंय आणि कारण ताण. सव्वीस तारखेला पुन्हा मोजायचं. तेव्हा उतरलेलं नसलं तर मी काम सोडायचं. कमी करायचं नाही, सोडायचं.

काम म्हणजे घरामागचा लांबट हॉल, चार शिलाई मशीनं, एक कापायचं टेबल आणि दर वर्षी शाळा उघडायच्या तोंडावर येणारं वादळ. शाळांचे गणवेश शिवतो आम्ही. आम्ही म्हणजे मी. मी सोडलं तर माझ्या जागी कोण, असं विचारलं, तर हे म्हणाले, "मी बघीन की." या माणसाने जन्मभर विमा कचेरीत कागदांवर शिक्के मारले. सुईत दोरा ओवायला घेतला की दोरा राहतो हातात आणि सुई जाते सतरंजीत. माझा उभा केलेला कारखाना यांच्या हाती जाणार या विचाराने परतीच्या वाटेवर मी एक शब्द बोलले नाही. यांना वाटलं मी शांत झाले. खूश होऊन यांनी मला कोपऱ्यावरून केळी घेऊन दिली.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, मनात येईल ते लिहून काढा, लोकांवर काढू नका. म्हणून ही वही.

बुधवार, ता. ६

लेकीला फोन केला. ती एका मोठ्या कंपनीत लोकांना ताण कमी करायला शिकवते. त्याच कंपनीत तो वाढवायला कोणाला ठेवलंय ते तिने कधी सांगितलेलं नाही. तिने दोन उपाय दिले. एक, रोज सकाळी डोळे मिटून अर्धा तास श्वासाकडे लक्ष द्यायचं. दोन, दुपारपर्यंत मनावर काही वाईट आदळू द्यायचं नाही. सकाळ जपली की दिवस जपला जातो.

मला पटलं. पटलेली गोष्ट मी अर्धवट करत नाही. कारखान्यात सगळ्यांना उभं करून दोन नियम सांगितले. साडेदहाला मी डोळे मिटून बसेन तेव्हा कोणी बोलायचं नाही. आणि बाराच्या आत वाईट बातमी नको. दोरा तुटला, मशीन अडलं, माप चुकलं, काहीही असो, बारानंतर.

कटर मास्तरांनी विचारलं, "आणि आग लागली तर?"

हा माणूस माझ्याकडे पहिल्या दिवसापासून आहे आणि पहिल्या दिवसापासून असाच बोलतो. मी श्वासाकडे लक्ष दिलं.

शुक्रवार, ता. ८

एकटीने शांत राहून भागत नाही, आजूबाजूचे लोकही शांत हवेत. मशीनवरच्या तिघी खांदे आवळून शिवतात. त्यांना म्हटलं, सैल सोडा. सोडले नाहीत. पुन्हा म्हटलं. मग आवाज चढवावा लागला, तेव्हा कुठे सोडले, पण इतके सोडले की एकीची सरळ शिवण थेट कॉलरवरून खिशात गेली. काजवाली मात्र कोणाच्या सांगण्यावर जात नाही. काजं आणि बटणं करते, जीभ सुईहून टोकदार. म्हणाली, "बाई, तुमच्या शांततेची धास्तीच वाटते हो." लोकांना बदल पचत नाही.

सोमवार, ता. ११

मोठ्या शाळेचं कापड आलं. वर्षभरातली सगळ्यात मोठी ऑर्डर हीच, जाकिटांची. तेवीस तारखेला संध्याकाळी द्यायचीत, दुसऱ्या दिवशी पालकसभेत मुलांना घालून मिरवायचंय. मुख्याध्यापिका फोनवर नेहमीसारख्या बोलल्या, म्हणजे प्रार्थनेच्या घंटेसारख्या: एकच सूर, आणि थांबेपर्यंत उभं राहायचं.

यंदा कापड बदललंय. आधीचं दोन्ही अंगांनी सारखं असायचं, हे सुलट बाजूने गडद आणि उलट बाजूने फिकं आहे. हाताला भारी लागतं. हे म्हणाले, "मास्तरांना सांग हो, बाजू वेगळ्या आहेत." शिक्के मारणारा माणूस मला कापड शिकवतोय. मास्तरांना डोळे आहेत, मी म्हटलं.

मंगळवार, ता. १२

उत्तम दिवस. मास्तरांनी सकाळीच तागा उलगडून टेबलावर थर लावले आणि कापायचं यंत्र सुरू केलं. साडेदहाला मी खुर्चीत डोळे मिटून बसले. यंत्राची घरघरही आज गोड वाटली. मध्येच काजवाली शेजारी येऊन "बाई, ते बाह्यांचं..." म्हणाली. मी डोळे न उघडता फक्त एक बोट वर केलं. ती पुन्हा म्हणाली, "पण बाई..." मी दुसरं बोट वर केलं. गेली. पूर्वी मी अशा वेळी उठून टेबलापर्यंत गेले असते, सगळ्यांना फैलावर घेतलं असतं आणि माझं डोकं ठणकलं असतं. आज काहीच केलं नाही. बारा वाजता मी स्वतः विचारलं, काय गं म्हणत होतीस. तिने मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी यांच्याकडे, यांनी छताकडे. म्हणाली, "काही नाही, बाई. राहिलंच आता ते."

बघा. निम्म्या तक्रारी आपोआप मरतात. लेकीला कळवलं.

बुधवार, ता. १३

कोणी काही बोललं नाही. दिवसभर. सुंदर.

शुक्रवार, ता. १५

माझ्या शांततेची लागण झालीये, दुसरा शब्द नाही. तिघी एकमेकींना ताई-माई करतात. काजवालीने मला पाणी आणून दिलं, न मागता. मास्तर हसले. या माणसाला पुढचे दोन दात नाहीत हे मला आज कळलं.

हे सुद्धा कामाला लागलेत. दिवसातून दोनदा फिरायला जातात, उन्हातान्हात, आणि धुळीने माखून येतात. काल बसची तिकिटं खिशात सापडली. फिरायला बसने कोण जातं, विचारलं, तर म्हणाले परत यायला. बरं आहे, प्रकृतीकडे लक्ष देतात. एकदा दारामागे मास्तरांशी हळू आवाजात बोलत होते, "दुसऱ्या गावच्या डेपोत बघतो" असं काहीसं. मी आत गेल्याबरोबर दोघे हवेबद्दल बोलायला लागले. हवेत बोलण्यासारखं काही नव्हतं.

जाकिटं तयार होऊन दांड्यावर लागलीयेत. सगळी एका अंगाला वळवून, डावी बाजू माझ्याकडे, फोटोला तिरकी उभी राहिलेली मुलं जशी. इतकी एकसारखी टांगणी माझ्या कारखान्यात कधी झाली नव्हती. बघून डोळे निवले.

शनिवार, ता. १६

हे जेवत नाहीत. घास हातात धरून बसतात. मान चोळत राहतात. विचारलं तर म्हणाले, "तुझं बरं चाललंय ना? मग झालं." फिरणं सोडलं तर दिवसभर घरी बसून माणूस आळसावतो, दुसरं काय.

सोमवार, ता. १८

आता लिहिते, कारण डॉक्टरीणबाई म्हणाल्यात लोकांवर काढू नका, आणि लोकांवर काढून झालंय.

साडेअकराच्या सुमाराला मी दांड्यापाशी गेले. एका जाकिटाची घडी मोडली होती म्हणून सरळ केलं. उजवा हात नव्हता. बाही विसरली असेल एखादीला, होतं कधी कधी. शेजारचं वळवलं. त्यालाही नव्हता. तिसरं, चौथं, पाचवं. मग मी वळवायचं सोडून दांड्यावरून हात फिरवत गेले. डाव्या बाह्या, डाव्या बाह्या, आणि पलीकडे नुसती भोकं. अख्ख्या शाळेला मी एकेक हात दिला होता.

हॉलमध्ये मशीनं थांबली. मी मास्तरांना विचारलं, दुसरा हात कुठाय.

मास्तरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि अगदी हळू म्हणाले, "बाई, बारा वाजू द्या."

त्यानंतर बारा वाजेपर्यंत मी काय काय बोलले ते लिहीत नाही. शेजारचा चांभार दुकान सोडून बघायला आला होता, एवढंच लिहिते.

झालं असं. जुन्या कापडाला सुलट-उलट नव्हतं. मास्तर सगळे थर एकाच बाजूने लावायचे, बाहीचा एकच नमुना ठेवून कापायचे, आणि निम्म्या बाह्या उलटल्या की उजव्या तयार. वर्षानुवर्षं तेच. हात सरावले होते, हातांनी तेच केलं. पण या कापडाची बाही उलटली की फिकी बाजू वर येते, म्हणजे सुलट बाजूने सगळ्या बाह्या डाव्याच. काजवालीच्या हे मंगळवारीच लक्षात आलं, निम्मंही कापून व्हायच्या आत. मास्तर तिचं ऐकेनात, म्हणून ती मला सांगायला आली. मी बोट वर केलं.

दोन बोटं, ती म्हणाली. एक नव्हे, दोन.

बारानंतर सांगायला काय झालं होतं, मी विचारलं. यावर सगळ्यांनी यांच्याकडे पाहिलं. हे दारात उभे होते, खांबाला धरून. म्हणाले, "तुला सव्वीस तारीख आहे गं. म्हटलं, कापड मिळालं तर तुला कळायच्या आत बाह्या लावून टाकू." सगळे व्यापारी पालथे घातले यांनी. तसलं कापड कोणाकडेच नाही, गिरणीतून यायला महिना लागेल.

म्हणजे फिरायला जात नव्हते.

मंगळवार, ता. १९

सकाळी आठला सगळ्यांना बोलावलं. नियम रद्द, म्हटलं, वाईट बातमी असेल त्याने चप्पल काढायच्या आधी सांगायची. तिघींनी एकदम तीन बातम्या दिल्या. किती दिवस साठवून ठेवल्या होत्या कोण जाणे, बिचाऱ्यांचे चेहरे हलके झाले.

मग बाह्यांवरून भांडण. मास्तर म्हणाले जोड देऊन कापू. मी म्हटलं मुलांना जाकीट हवंय, गोधडी नको. ते म्हणाले मग तुम्ही सांगा. मी म्हटलं तुमचे हात सरावलेत ना, त्यांनाच विचारा. ते म्हणाले हात सरावलेत म्हणून तर तुमचा कारखाना चालतो. खूप दिवसांनी मास्तर आणि मी नीट बोलत होतो.

काजवाली बटणाचा दोरा दाताने तोडत म्हणाली, "लावा ना मग उलटेच. एक हात गोरा, एक काळा. पोरांना काय, आत हात गेल्याशी कारण."

टोमणाच होता. पण मी एक डावी बाही उलटली, फिकी बाजू वर केली आणि जाकिटाच्या उजव्या भोकाशी धरली. बसली. अर्थातच बसली, मापात कुठे चूक होती. दिसायला मात्र जाकीट उन्हात अर्धवट वाळत घातल्यासारखं.

"कॉलर उसवा," मी म्हटलं. "उलटून लावा. खिशाचं झाकणही."

लावून पाहिलं. एक बाही फिकी, कॉलर फिकी, खिशाचं झाकण फिकं. आता ते चुकलेलं जाकीट राहिलं नव्हतं, कोणीतरी शहाण्याने मुद्दाम केलेलं जाकीट झालं होतं. मास्तर कॉलरवरून अंगठा फिरवत म्हणाले, "बाई, हे आपण जास्तीचे पैसे घेऊनही केलं नसतं."

काम सुरू. मी ओरडते आहे, मशीनं चालताहेत, काजवाली उलट बोलते आहे. साडेदहाला खुर्चीकडे कोणाचं लक्षही गेलं नाही, माझंही. फक्त हे तिथे बसले होते, डोळे मिटून. यांना आता सवड सापडली.

शनिवार, ता. २३

मुख्याध्यापिका स्वतः आल्या. पहिलंच जाकीट हातात घेऊन त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "हा एकच हात फिका का?"

तिघींचे पाय मशीनवर थिजले. यांनी खांब धरला. आता हा खांब यांच्यामुळेच उभा आहे की खांबामुळे हे, मला सांगता येणार नाही.

मी म्हटलं, "तुम्ही वर्गात प्रश्न विचारता, तेव्हा उजवा हात वर करतात ना मुलं? मागच्या बाकावरच्या कोणी केला तर दिसतो का? आता दिसेल."

जाकीट अंगासमोर धरून त्यांनी फिकी बाही वर केली आणि हॉलच्या टोकाच्या आरशात बघितलं. मग खाली केली. पुन्हा वर केली. बालवर्गाला डावा-उजवा शिकवायलाही सोपं जाईल, मी पुढे सारलं. त्यांचा चेहरा उजळला. शिक्षणात आजवर कोणाच्या हे डोक्यात कसं आलं नाही, म्हणाल्या. पालकसभेत त्या यावर स्वतंत्र भाषण करणार आहेत. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, पुढच्या वर्षी पँटचाही एक पाय तसा करता येईल का, कवायतीला बरं पडेल.

मी म्हटलं, मास्तरांना विचारून सांगते. मास्तर टेबलाखाली काहीतरी शोधत होते.

जाकिटं गेली. हॉल एकदम मोठा दिसायला लागला. हे जिन्याच्या पायरीवर बसले होते. चला आत, म्हटलं, तर म्हणाले, "येतो. जरा बसतो."

मंगळवार, ता. २६

प्रेशर मोजायला निघालो. ऑर्डर गेली म्हणून मोजायचं कोणी सोडत नाही. वाटेत मी यांना एकदाच म्हटलं, आकडा उतरला नसला तर तुम्ही मास्तरांशी भांडू नका, त्यांचं ऐकूनही घेऊ नका, दोन्हीच्या मधलं काहीतरी करा. हे म्हणाले, "मला नाही जमणार गं ते." इतकं खरं हे क्वचितच बोलतात.

पट्टा बांधला, फुगवला, सोडला. डॉक्टरीणबाईंनी भुवया वर केल्या. पुन्हा मोजलं. उतरलंय. अगदी मिरवण्याइतकं नाही, पण पुष्कळ उतरलंय. गोळी एक छोटी, मीठ कमी, आणि काम चालू ठेवा म्हणाल्या.

चालू ठेवा. मी दोनदा वदवून घेतलं.

काय काय केलंत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, श्वासाकडे लक्ष दिलं. यांना तेव्हा खोकला आला. तो थांबेना, मग हे एकदम खाली बसले, स्टुलावर, आणि भिंतीला डोकं टेकलं. डॉक्टरीणबाईंनी तोच पट्टा काढून यांच्या दंडाला बांधला. आकडा बघून या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं.

माझ्या आधीच्या आकड्यापेक्षाही वर.

त्यांनी यांना विचारलं, घरात कशाचा ताण असतो का. हे म्हणाले, छे. अगदी लगेच म्हणाले. त्यांनी गोळ्या लिहिल्या, तपासण्या लिहिल्या आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, हा माणूस सगळं आत ठेवतो. यांना बोलू द्या. आवाज चढला तरी चढू द्या.

मी म्हटलं, यांचा चढत नाही हो. आमच्याकडे ते खातं माझ्याकडे आहे.

बुधवार, ता. २७

पटलेली गोष्ट मी अर्धवट करत नाही. चार वाजता चहा झाल्यावर यांना समोर बसवलं आणि म्हटलं, ओरडा. मनात असेल ते.

हे म्हणाले, "अगं, जरा..." आणि थांबले. असं नाही, मी म्हटलं, पोटातून. हे पुन्हा म्हणाले, "नाही, म्हणजे तसं काही..." हातही जोडून बसले होते, साहेबापुढे रजा मागायला बसावं तसे. मी शिकवत होते, खांदे सैल सोडा, हनुवटी वर.

आणि आवाज आला एकदम. कुठून आला माहीत नाही, पण खिडकीतली चिमणी उडाली. त्यातून कळलं ते असं. मास्तरांनी या महिन्यात दोनदा काम सोडलं होतं, आणि दोन्ही वेळा हे त्यांच्या दारात जाऊन बसून त्यांना परत घेऊन आले. त्या तिघींतली एक मागच्या नळावर रडत होती आणि हे तिला रोज खडीसाखर देत होते. बारा वाजेपर्यंतच्या सगळ्या वाईट बातम्या मला सांगायच्या नव्हत्या म्हणून लोक यांना सांगत होते, आणि बारानंतर मला सांगायचा यांना धीर होत नव्हता. मी शांतपणे ऐकून घेतलं. मध्ये तीनदाच बोलले.

मग यांचा आवाज खाली आला. म्हणाले, "आणि तू ते डोळे मिटून बसतेस ना, ते मला अजिबात बघवत नाही. तू ओरडत असलीस की मला पुढच्या खोलीत बसून कळतं, तू कुठे आहेस, कशी आहेस. तू गप्प बसलीस की मी सारखा उठून बघून येत होतो."

मी कपबशा गोळा केल्या. मग म्हटलं, आजच्यापुरतं पुरे, उरलेलं उद्या चारला, आणि उठले.

"खाली बस," हे म्हणाले. "झालं नाही माझं."

मी बसले. यांनी मला बस म्हटलं आणि मी बसले, हे इथे लिहून ठेवते, कारण उद्या दोघांपैकी कोणीच ते कबूल करणार नाही.